मारबतीला दिलेले दात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर गर्दीत, मी माझी नवी कोरी कवळी मारबतीला देऊन टाकली. वरची. खालची तोंडातच राहिली, पण वरचीवाचून खालची म्हणजे वरवंट्यावाचून पाटा. द्यायची नव्हती, दिली गेली. माझ्या हातून बहुतेक गोष्टी अशाच होत आल्या आहेत, त्यामुळे गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. घरी तर मुळीच नाही.

नागपूरबाहेरच्या वाचकांना आधी मारबत सांगायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बांबू-कागदाची एक अक्राळविक्राळ बाई करतात, तिला लुगडं नेसवतात, बंडीवर, म्हणजे गाड्यावर, उभी करून शहरातून मिरवतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. वाटेत गल्लीगल्लीच्या तोंडाशी कुणीतरी एक जण ओरडून आपल्याकडची पीडा सांगतो. खोकला म्हणतो, खरूज म्हणतो, ढेकूण म्हणतो. आणि सगळी गर्दी एका आवाजात उत्तर देते, "घेऊन जाऽ गे मारबत!" की ती पीडा गेली, निदान पुढच्या पोळ्यापर्यंत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पीडा सांगण्याचं काम माझं होतं. मानबिन काही नव्हता त्यात. आवाज मोठा आणि लाज लहान, एवढीच लायकी लागत होती.

पण दातांची गोष्ट दातांपासूनच सांगितलेली बरी.

आमची गल्ली विणकरांची, इतवारीच्या पलीकडची. सत्तरच्या आसपासची ती वर्षं. अजून घरोघरी हातमाग खटखटत होते. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, एका हाताने दोरी ओढून धोटा इकडून तिकडे पळवायचा. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं गुळगुळीत लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि कुशीला एक बारीक भोक असतं. नवी कांडी घातली की त्या भोकाला तोंड लावून धागा ओठाने ओढून बाहेर काढायचा. ताण्यातला धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दाताने तोडायचं. विणकराचं तोंड हा त्याचा तिसराच हात. माझ्या पुढच्या दोन दातांत धाग्याने बारीक खाच पडली होती आणि तिचा मला अभिमान होता. खाच धाग्याने पाडली, दात मात्र तंबाखू-चुन्याने पाडले. एकेक करून, काही कुरकुरत, काही भात खाताना निमूटपणे. पन्नाशी गाठायच्या आत माझ्या तोंडात चार-दोन उरले, तेही एकमेकांना भेटत नव्हते.

त्यानंतर माझे दात म्हणजे माझी बायको. ती मागाच्या शेजारी चरख्यावर कांड्या भरत बसे. धागा तुटला की मी नुसतं "ऊं" म्हणायचो. ती वाकायची, टोक दाताने तोडायची आणि परत चरख्याला लागायची. जेवणात ज्वारीची भाकरी दुधात कुस्करलेली, वरण पातळ, भात गरगट. तीही माझ्याबरोबर तेच जेवायची. मला वाटायचं, तिलाही तेच आवडतं. एकदा मी मोठ्या मनाने तिला म्हणालोही होतो, "तुले बी आता नरमच गोड लागते वं." ती म्हणाली, "हो जी." विषय संपला.

मग एका पावसाळ्यात, मक्याच्या भुट्ट्यांचे दिवस होते, मी तयार साड्या घेऊन इतवारीत गेलो. व्यापारी दुकानात नव्हता म्हणून लवकर परतलो. आमच्या समोरच्या घरी माझा लहानपणापासूनचा दोस्त राहायचा, तोही विणकर. त्याच्या ओट्यावर त्याची बायको शेगडी घेऊन बसली होती आणि माझी बायको तिच्याजवळ, रस्त्याकडे पाठ करून. दोन्ही हातांत भुट्टा धरलेला, तिखट-मीठ-लिंबू चोळलेला. ती असं काही खात होती की तिला तसं खाताना कधी पाहिलं होतं ते मी विसरूनच गेलो होतो. डोळे मिटून.

"काय करून राह्यली वं?" मी म्हणालो.

तिने तो तापलेला भुट्टा सरळ पदराखाली लपवला. चटका बसला असणार. "काही नाही जी. भाजला का नाही थे पाहून राह्यले होते." हनुवटीला दाणा चिकटलेला.

दोस्ताची बायको तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पाहू द्या न भाऊ. दोन पावसाळे झाले, तुमच्या घरी भुट्टा नाही भाजला तिनं. तुमच्यासमोर खायाचं जिवावर येते म्हनते. इथं येऊन चोरून खाते बिचारी."

"तू गप वं," माझी बायको म्हणाली.

मी घरात जाऊन मागावर बसलो, पण पावडी दाबली गेली नाही. तिचे सगळे दात शाबूत होते. पांढरे, सरळ, एकही किडलेला नाही. आणि माझ्यासाठी तिने ते आपल्याच घरात वापरायचं बंद केलं होतं. भाजलेले शेंगदाणे, हरभऱ्याचे फुटाणे, कच्चा कांदा, कडक भाकरीचा पापुद्रा, एकेक वस्तू आठवत गेली. सगळ्या घरातून गेल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता. त्याच दिवशी ठरवलं की दात बसवायचे. देखणं दिसायला नाही. तो काळ माझ्या आयुष्यात आलाच नव्हता. पुढच्या पावसाळ्यात हिच्या समोर बसून भुट्टा खायचा आणि हिला खाऊ घालायचा, एवढ्यासाठी.

सीताबर्डीवर एका अरुंद जिन्याच्या वर एक तरुण डॉक्टर बसत. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून "काका" म्हटलं आणि त्याच आपुलकीने माझे उरलेले दात काढले. हिरड्या भरून यायला बरेच महिने गेले. मग एक दिवस त्यांनी तोंडात मऊ गार गोळा कोंबला आणि म्हणाले, "काका, आता हलायचं नाही, नाकाने श्वास घ्या." मी नाकाने श्वास घ्यायचा सोडून त्यांना विचारू लागलो की किती वेळ. साचा बिघडला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा मला त्याच प्रसंगाचं हसू आलं. तोही बिघडला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या बायकोला आत बोलावून माझ्यासमोर उभं केलं. मग साचा नीट आला.

श्रावणात कवळ्या तयार झाल्या. गुलाबी हिरड्यांवर ओळीने दात, एकसारखे, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. बसवून झाल्यावर डॉक्टरांनी हातात आरसा दिला. त्यात एक अनोळखी गृहस्थ, नुकताच कुठल्यातरी समितीवर निवडून आल्यासारखा हसत होता. डॉक्टरांनी सांगितलं, आधी मऊ खा, दोन्ही बाजूंनी चावा, पुढच्या दातांनी तोडू नका, घरी रोज मोठ्याने वाचा म्हणजे जिभेला सवय होईल. "आणि कुठे टोचलं तर माझ्याकडे या. घरी काही करू नका." ही शेवटची सूचना मी फार लक्ष देऊन ऐकली होती, हे मला चांगलं आठवतं.

घरी आल्यावर बायकोने मला उजेडात उभं करून बराच वेळ पाहिलं.

"बोला काही."

"साखर," मी म्हणालो.

ती साखर अशी शिट्टी वाजवत बाहेर आली की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून दारात येऊन उभं राहिलं. बायकोने पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात समोरचा दोस्त आला. त्याने मला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "काबे, कोनाचे दात घालून फिरून राह्यला?" मी हसलो. तो दोन पावलं मागे सरकला. "हसू नोको गा. भेव लागते."

कवळीची सवय होणं म्हणजे काय हे ज्याच्या तोंडात ती गेली त्यालाच कळतं. तोंडात अख्खी बशी घेऊन फिरल्यासारखं वाटे. लाळ इतकी सुटायची की बोलायच्या आधी गिळावं लागायचं आणि गिळेपर्यंत काय बोलायचं ते विसरायचं. भाताचं एखादं शीत कवळीखाली गेलं की खडा वाटायचा. वरणाची चव टाळूला कळायची, ती टाळूच झाकली गेली. आणि मागावर तर फजितीच. पहिल्याच दिवशी जुन्या सवयीने धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढला, तर वरची कवळी टाळू सोडून धोट्याला चिकटायला निघाली. दाताने टोक तोडायला गेलो, तर धागा तसाच आणि खालची कवळी वर आली. शिवाय ती वाजायची. माग खट म्हणायचा, मागून मी खट म्हणायचो. समोरून दोस्त ओरडायचा, "दुसरा माग टाकला का बे?"

बायको मात्र हसायची थांबली होती. रोज ती जेवण जरासं घट्ट करी. गरगट भाताचा साधा भात झाला, पातळ वरणाचं फोडणीचं झालं, मग एक दिवस भाकरी दुधाऐवजी भाजीबरोबर आली. ती समोर बसून माझ्या जबड्याकडे पाहायची, नव्या ताण्यावर पहिली वीत विणताना विणकर पाहतो तशी, श्वास रोखून. आणि स्वतःच्या ताटातलं गार होऊ द्यायची.

उजवीकडे खालच्या हिरडीला आणि वर गालाच्या आत कवळी टोचायची. मी काय करायचो, बायको पाण्याला गेली की दोन्ही कवळ्या काढून कांड्यांच्या टोपलीत तळाशी ठेवून द्यायचो आणि तोंड मोकळं करून राजासारखा विणत बसायचो. तिची पावलं वाजली की परत घालायचो. हे काही दिवस छान चाललं. मग एकदा ती पावलं न वाजवता आली आणि कांडी घ्यायला तिने टोपलीत हात घातला.

"माय वं!"

मला वाटलं, विंचू चावला. तिने हात बाहेर काढला, त्यात माझे खालचे दात. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही कवळ्या धुऊन ताटलीत ठेवल्या आणि माझ्यासमोर आणून धरल्या, पाहुण्याला पान द्यावं तशा.

"दुखते वं," मी म्हणालो.

"मंग डाक्टरकडे जा न."

"जातो."

"नसन जमत तं सांगा जी," ती सावकाश म्हणाली. "मी भात गरगट करीन. मले काही नाही त्याचं."

ते "मले काही नाही त्याचं" मला फार टोचलं. कवळीपेक्षा जास्त. आता काहीही करून हे दात तोंडात टिकवायचे, असं मनाशी म्हटलं. आणि इथे, शहाण्या माणसाने सीताबर्डीची वाट धरली असती. मी मागाच्या कोनाड्यातून पॉलिश पेपर काढला.

त्याचं असं आहे की धोट्याला कुठे खरखर आली की धागा अडकतो, तुटतो. मग तेवढी जागा पॉलिश पेपरने घासायची, वरून तेलाचं बोट फिरवायचं. हे काम मी मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलो होतो आणि गल्लीत लोक मला आपले धोटे घासायला आणून देत. कवळी तरी काय, तोंडातला धोटाच. टोचते तिथे घासली. बरं वाटलं. म्हणून आणखी घासली. मग खालची नीट झाली तर वरचीला काहून सोडा म्हणून वरचीची आतली कड गोल गोल घासली. तेल लावलं नाही, एवढी अक्कल होती.

काय सांगू, इतकी सुखाची बसली! जुन्या चपलेत पाय जावा तशी. टोचणं नाही, दुखणं नाही. जरा हलायची, पण मला वाटलं, सवय होणं म्हणतात ते हेच. संध्याकाळी मी बायकोसमोर भाकरीचा पापुद्रा चावून दाखवला. तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून मी फुगलो. म्हणालो, "मारबत झाली का त्या संध्याकाळी भुट्टे भाज. दोघांसाठी." पोळ्याच्या दिवशी तिने बाजारातून कोवळे भुट्टे निवडून आणले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. मी जाता-येता ते फडकं पाहत होतो.

तर अशा आनंदात मी दुसऱ्या दिवशी मारबतीला उभा राहिलो. गल्लीचं तोंड माणसांनी भरलेलं. ओट्यांवर बाया, त्यांत माझी बायको. ढोल जवळ आले, ताशे आले, मग माणसांच्या डोक्यांवरून काळी मारबत डुलत आली, लाल जीभ काढलेली. बंडी आमच्या गल्लीपाशी हळू झाली. दरवर्षीप्रमाणे मी छाती भरून घेतली.

"खोकला-पडसं!"

"घेऊन जाऽ गे मारबत!"

"ढेकूण-मच्छर!"

"घेऊन जाऽ गे मारबत!"

दरवर्षी मी इथे खरूज म्हणतो. त्या वर्षी मनात दुसरंच होतं. मागचे दोन पावसाळे आठवले, टोपलीतले दात आठवले, आणि मी सगळी ताकद लावून ओरडलो, "दातदुखीऽऽ!"

"ई"बरोबर वरची कवळी निघाली. मी तिला जाताना पाहिलं. ऊन पडलं होतं, त्यात ती एकदा चमकली, दोस्ताच्या टोपीवरून गेली आणि बंडीवर, मारबतीच्या पायाशी, लुगड्याच्या निऱ्यांत जाऊन पडली.

"घेऊन जाऽ गे मारबत!" गर्दी म्हणाली.

बंडी हलली. पुढे गावाबाहेर ती बाई जाळणार होते. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "दात! माझे दात!"

"घेऊन जाऽ गे मारबत!"

"अरे, नाही! दात! दात!"

"घेऊन जाऽ गे मारबत!"

लोकांचं काही चुकलं नाही. गल्लीच्या माणसाने पीडा सांगायची आणि गर्दीने उत्तर द्यायचं, हीच रीत. मी जितका जिवाच्या आकांताने ओरडलो तितकं ते मला आणखी रंगात आलेला समजले. ताशेवाल्याने माझ्याकडे पाहून दोन जास्तीच्या काड्या मारल्या. मी गर्दीत घुसायला गेलो तर लोकांनी प्रेमाने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला.

त्या सगळ्यांत एकाच माणसाला कळलं. ओट्यावरून बायकोने माझं बसलेलं तोंड पाहिलं, बंडीकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि ती खाली उतरली. ती कधी कुणाला ढकलत नाही. त्या दिवशी तिने ढकललं. बंडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ती बंडीवाल्याला म्हणाली, "थांब रे बाबा. आमच्या घरचं काही राह्यलं इच्यावर."

बंडी थांबली. तिने निऱ्यांत हात घातला, तोच मागून आवाज आला, "हात नोको लावू वं!"

ही आमच्या गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. आम्ही सगळे तिला आजी म्हणायचो. गल्लीतली बाळंतपणं तिच्या हातची आणि रीतिभातींत तिचा शब्द शेवटचा. "मारबतीले देल्लं थे वापस नाही घेत," आजी म्हणाली. "सारी पीडा उलटून गल्लीत येईन."

"पीडा देल्ली आजी, दात नाही देल्ले."

"त्यानं आपल्या तोंडानं म्हटलं न, दात. साऱ्यायनं म्हटलं, घेऊन जा."

"मी बी म्हटलं," दोस्त म्हणाला. त्याला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

ढोल थांबले होते. मागची गर्दी पुढे काय झालं म्हणून माना उंचावत होती. बायकोचा हात निऱ्यांत तसाच होता, आणि मला दिसत होतं की आजीचा शब्द मोडायची तिची हिंमत नाही, आणि कवळी सोडायचीही तयारी नाही. मी बोळक्या वरच्या ओठाने उभा होतो.

मग तिचे डोळे माझ्या सदऱ्याच्या खिशावर आले. ती निऱ्यांतून हात काढून माझ्याकडे आली आणि माझ्या खिशातून तंबाखू-चुन्याची डबी काढली. ती डबी मी सोडली आहे असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. तिलाही. तिने ती सगळ्या लोकांना दाखवली आणि मारबतीच्या पायाशी टाकली.

"हे घे माय. ज्यानं दात खाल्ले थे घेऊन जा. दात राहू दे."

आजीने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली. "हां. आता होते बराबर."

"घेऊन जाऽ गे मारबत!" असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. ढोल सुरू झाले. बायकोने कवळी उचलली, पदराने पुसली, आणि मी हात पुढे केला तर माझ्या हातात न देता पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. बंडी निघाली. तेवढ्यात दोस्ताच्या बायकोने ओट्यावरून गळा काढला, "असे नवरे!" आणि गल्लीतल्या सगळ्या बायांनी एका आवाजात मारबतीला सांगितलं, घेऊन जा. माझ्या बायकोचे ओठ मी नीट पाहत होतो. ते हलले नाहीत. निदान मला तसं वाटलं, आणि तेवढ्यावर मी आजवर समाधानी आहे.

त्या संध्याकाळी भुट्टे भाजले गेले नाहीत. तिने ते फडक्यासकट समोरच्या घरी देऊन टाकले आणि माझ्यासाठी भात टाकला, गरगट. मी खाली मान घालून जेवलो. तीही तेच जेवली. समोरून भाजल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ती मला स्वतः सीताबर्डीवर घेऊन गेली. डॉक्टरांनी कवळी हातात फिरवली, भिंग लावून पाहिली. "काका, ही कड कुणी घासली?"

"झिजली असेल," मी म्हणालो.

"एवढ्याशा दिवसांत?"

"पॉलिश पेपरनं घासली जी डाक्टरसाहेब," बायको म्हणाली. "धोटा घासते तशी." आणि मग तिने मारबतीपर्यंतचं सगळं सांगितलं, काही न वगळता. डॉक्टरांना खुर्चीवर बसावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्यांनी एक शब्द रागाने काढला नाही. पुन्हा गोळा आला, पुन्हा साचा घेतला, आणि या वेळी मी पहिल्या फटक्यात नाकाने श्वास घेतला. आतून नवा थर देऊन त्यांनी कवळी अशी बसवून दिली की मी दवाखान्यात "दातदुखी" म्हणून ओरडून पाहिलं, बाहेर बसलेले दोन रोगी उठून गेले, पण कवळी जागची हलली नाही. टोचलं की मी जायचो आणि ते एवढंसं घासून द्यायचे, मी दहा वेळा घासलं असतं तिथे एकदा. त्या माणसाचे उपकार मी रोज दोन वेळा आठवतो, जेवताना.

बाकीचं काम बायकोने केलं. डॉक्टरांनी सांगितलेलं वाचन मी सुरू केलं. ती कांड्या भरायची आणि मी मागावर बसून शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो, सोन्याच्या भावापासून हरवलेल्या गाईपर्यंत. शिट्टी हळूहळू गेली. माझा स आधी बरा झाला, मग श. तिने सगळं ऐकून घेतलं. धाग्यासाठी तिने मागाला दोरीने एक बारीक कात्री टांगून दिली, तरी टोक तुटायचं असलं की अजून तोंडातून "ऊं" निघायचं आणि ती अजून वाकायची. तंबाखूची डबी मी परत घेतली नाही. म्हणजे एकदा घेतली होती, पण दोस्ताने भर गल्लीत "मारबत वापस आली वं!" अशी बोंब ठोकली. त्याचेही उपकारच म्हणायचे.

भादवा संपत आला तेव्हा भुट्टे जून होऊ लागले होते. एका संध्याकाळी बायकोने न सांगता शेगडी पेटवली. ढिगातून नखाने दाणे दाबून दाबून तिने कोवळे निवडून आणले होते. भाजले, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळलं. स्वतःसाठी अख्खा ठेवला. माझे दाणे अंगठ्याने सोलून ताटलीत दिले, कारण डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की काकांना पुढच्या दातांनी ओरबाडू द्यायचं नाही.

मी चार दाणे तोंडात टाकले, दोन्ही बाजूंना वाटून. चावले. फुटले. गोड रस आला, मागून तिखट आलं. काही निसटलं नाही, काही उडालं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, भुट्टा हातात तसाच. मी मान हलवली. तेव्हा तिने तो तोंडाला लावला आणि डोळे मिटले. आमच्या घरात, माझ्यासमोर, रस्त्याकडे पाठ न करता.

मी बोलू लागलो. म्हणालो की तुझ्यामुळे हे दात, तुझ्यामुळे ही चव, तू नसतीस तर माझी कवळी त्या बाईबरोबर जळून गेली असती; आणि मग दोन पावसाळ्यांचं, गरगट भाताचं, ताटलीत धुऊन आणलेल्या दातांचं, सगळं सांगत गेलो. एकही शिट्टी न वाजता, स्वच्छ, श-स वेगवेगळे. ती ऐकत होती आणि खात होती. तिने भुट्टा संपवला. मग हनुवटीचा दाणा बोटाने टिपून तोंडात टाकला आणि म्हणाली,

"दात नव्हते तवाच बरं होतं जी. निदान अर्धं तं समजत नव्हतं."